दुबळे न्यायालय कोणाच्या फायद्याचे?

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखरूप सारांश)



पर्यावरणाचे कायदे आणि न्यायालये बळकट करण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांनी सहकार्य करावे, असा विषय संयोजकांनी मला दिला. ऐकताच तो वातानुकूलित सभागृहांतील परिषदांचा विषय वाटतो. म्हणून मी आरंभ एका ओढ्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला त्याचे गाव. रात्री ओढ्याला रंगीत पाणी येई, विहिरींच्या पाण्याला वास मारू लागला होता. गावाने तक्रार केली. आठवड्याने अधिकारी आले, त्यांनी भरदुपारी नमुना घेतला, आणि त्या दिवशी ओढा अगदी निर्मळ होता! गावकऱ्यांनी रात्री उठून बाटल्यांत भरून ठेवलेले पाणी मात्र कोणी विचारात घेतले नाही. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीत ठरवून दिलेली आहे. त्या रीतीने न घेतलेला नमुना पुरावा ठरत नाही. त्याने मला विचारले, "सर, कायदा आहे, हरित न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात आहे, मग अडते कुठे?" अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' अशी एक संज्ञा आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली ती कल्पना व्यवस्थित मांडली. कारखान्याच्या धुराचा, सांडपाण्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत पडत नाही. तो शेजाऱ्याच्या फुप्फुसावर आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर पडतो. तो खर्च ज्याचा त्याच्या वहीत परत नेऊन घालणे, हे पर्यावरण कायद्याचे खरे काम. हे काम न्यायालय करू शकले नाही, तर कारखानदाराचा तेवढा खर्च वाचतो. म्हणजेच दुबळे न्यायालय हे एक प्रकारचे छुपे अनुदान आहे. ते अंदाजपत्रकात दिसत नाही आणि त्यावर विधानसभेत चर्चा होत नाही, एवढेच. भांडवल जेव्हा साऱ्या जगात जागा शोधत हिंडते, तेव्हा स्वस्त मजुरीप्रमाणे हे अनुदानही ते हेरत असते. एकट्या देशाने कायदा कडक केला तर भांडवल शेजारी जाईल, ही भीती प्रत्येक सरकारला दाखवली जाते. यासाठीच हा प्रश्न एकेका देशाने सोडवण्याजोगा उरलेला नाही.

भोपाळची दुर्घटना १९८४च्या डिसेंबरात घडली तेव्हा मी एम. ए.चा विद्यार्थी होतो. पुढे जे घडले त्यातील एक विसंगती मला आजही अस्वस्थ करते. भारत सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला आणि सांगितले की, एवढा प्रचंड खटला चालवण्याची कुवत आमच्या न्यायालयांत नाही. उलट युनियन कार्बाइड कंपनीने भारतीय न्यायव्यवस्थेची थोरवी गायिली, आणि त्यासाठी नानी पालखीवाला यांच्यासारख्या नामवंत विधिज्ञांचे प्रतिज्ञापत्र सादर केले. न्यायमूर्ती कीनन यांनी मे १९८६ मध्ये कंपनीचे म्हणणे मान्य करून खटला भारतात पाठवला. खटला इकडे आला तर स्वस्तात सुटू, असा हिशेब कंपनीने केला असेल, तर तो चुकला नाही. तीनशे कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा फेब्रुवारी १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर मिटला. वाढीव भरपाईसाठीचा सरकारचा अखेरचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. आणि कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा तेथून हलला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी!

आता दुसरे उदाहरण पाहा. झांबियातील चिंगोला या गावाजवळ तांब्याची प्रचंड खाण आहे. ती चालवणाऱ्या कंपनीची मूळ कंपनी वेदांत. मालक भारतीय वंशाचे, नोंदणी लंडनची. याच समूहाचा गोव्याच्या लोहखनिजाशी संबंध आहे, आणि ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये एकमुखाने नकार दिला तोही याच समूहाच्या बॉक्साइट खाणीला. चिंगोलाच्या रहिवाशांनी आधी आपल्याच देशात दाद मागितली होती. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपनीचा दोष कायम ठेवला. परंतु भरपाई मिळाली ती वैद्यकीय पुरावा दाखवू शकलेल्या केवळ बारा जणांना. सुमारे दोन हजार फिर्यादींपैकी बारा! विष सर्वांनी प्यायले, दाखला मात्र बाराच जणांकडे होता.

त्यानंतर १,८२६ गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा लावला. खटला झांबियातच चालावा, असे कंपनीने म्हटले. युक्तिवाद तोच, तेहतीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये केलेला. पण या वेळी उत्तर निराळे मिळाले. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खटल्याची स्वाभाविक जागा झांबिया हीच खरी. तथापि हे लोक अत्यंत गरीब आहेत, त्यांना तेथे कायदेविषयक साहाय्य मिळत नाही, एवढा मोठा खटला पेलणारे वकील नाहीत, सबब त्यांना तेथे खरा न्याय मिळण्याजोगा नाही. खटला इंग्लंडमध्ये चालू ठेवण्यास परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने, जबाबदारी मान्य न करता का होईना, तडजोड केली. जी गोष्ट १९८६ मध्ये भोपाळच्या वाट्याला आली नाही, ती २०१९ मध्ये चिंगोलाच्या वाट्याला थोडीफार आली.

याचा अर्थ आपण आपले गाऱ्हाणे घेऊन लंडनला जावे, असा मी करत नाही. शंभर गावांतून एखादेच गाव तेथवर पोहोचते. शिवाय दुबळ्या न्यायालयाचा फटका पीडितांनाच कसा बसतो, ते इक्वेडोरमध्ये दिसले. तेथील जंगलात तेलकंपनीने केलेल्या प्रदूषणाबद्दल स्थानिक न्यायालयाने २०११ मध्ये शेव्हरॉनविरुद्ध निकाल दिला. अपिलात सुमारे साडेनऊशे कोटी डॉलरांची रक्कम कायम झाली. पण कंपनीची मालमत्ता त्या देशात नव्हती. हा निकाल लाचखोरी व गैरप्रकार करून मिळवला, असे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले, आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानेही कंपनीच्या बाजूने कौल दिला. त्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की, न्यायालयाच्या सचोटीविषयी संशयाला जागा राहिली आणि जंगलातील माणूस रिकाम्या हातांनी उरला. न्यायालय स्वच्छ आणि सक्षम असण्याची गरज कंपनीपेक्षा गरिबाला अधिक असते, हा त्यातला धडा आहे.

मग सहकार्य कशाला म्हणायचे? सहकार्य मुळीच नाही, असे समजू नका. भांडवलासाठी ते उत्तम आहे. लवादांचे निवाडे परस्परांच्या देशांत अंमलात आणण्याचा करार न्यूयॉर्क येथे १९५८ सालीच झाला. आज १७०हून अधिक देश त्यात आहेत, आपणही आहोत. एका व्यापाऱ्याच्या बाजूने लंडनमध्ये लवादाने निवाडा दिला, तर तो त्याच्या बळावर मुंबईत वसुली करू शकतो. नदी नासली म्हणून दिलेल्या निकालाला असे पाय कोणी दिलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९३ मध्ये पर्यावरणासाठी खास सात न्यायाधीशांचे पीठ नेमले होते. तेरा वर्षांत एकाही राष्ट्राने त्याच्यापुढे एकही खटला नेला नाही. २००६ पासून ते नेमणेच थांबले.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या काही विधी-विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मोहीम सुरू केली. वानुआतू या चिमुकल्या राष्ट्राने ती उचलून धरली, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ मध्ये प्रश्न हेगच्या न्यायालयाकडे पाठवला, आणि २३ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने एकमताने सांगितले की, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि आपल्या हद्दीतील खासगी उद्योगांना वेसण घालणे हाही त्याचाच भाग आहे. हे मत बंधनकारक नाही. पण उद्या कोणत्याही देशातील वकील ते आपल्या न्यायालयापुढे ठेवू शकेल.

विचारांची देवाणघेवाण पूर्वीपासून चालतच आली आहे. आपला १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा १९७२च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी झाला. विधी आयोगाने २००३ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील पर्यावरण न्यायालये अभ्यासली. हरित न्यायाधिकरण २०१० मध्ये आले. आपणही जगाला काही दिले. घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, हे तत्त्व न्यायमूर्ती भगवतींच्या घटनापीठाने ओलियम वायूच्या खटल्यात मांडले, ते भोपाळच्याच छायेत.

'हे परकीयांचे लुडबुडणे नव्हे का?' असा आक्षेप येतो. आक्षेप निराधार नाही. ज्यांनी दोनशे वर्षे धूर सोडला, त्यांनी आम्हांला उपदेश करू नये, हे बरोबरच आहे. पण राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची ढाल करून तिच्यामागे कारखान्याचे सांडपाणी लपवले जात असेल, तर ती ढाल कोणाची, हे विचारले पाहिजे.

माझ्या मते आपण चार गोष्टी मागाव्यात. मूळ कंपनी जेथे नोंदलेली आहे, तेथील न्यायालयांचे दार पीडितांना खुले असावे. आणि हाच नियम परदेशांत खाणी चालवणाऱ्या आपल्या कंपन्यांनाही लागू असावा. प्रदूषणाच्या निकालांची अंमलबजावणी सीमेपलीकडे व्हावी, असा करार व्हावा. प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि कंपन्यांची कागदपत्रे यांबाबत देशांनी एकमेकांना साहाय्य करावे. कारण गरिबाचा खटला बहुधा पुराव्यापाशी हरतो. आणि माहिती, सहभाग व न्याय यांची हमी देणारा जो करार युरोपने १९९८ मध्ये आरहूस येथे आणि लॅटिन अमेरिकेने २०१८ मध्ये एस्काझू येथे केला, तसा दक्षिण आशियात व्हावा. नद्या आणि वारे आपल्याकडे सामाईकच आहेत.

परंतु घरचे अंगण झाडल्यावाचून बाहेर बोलण्याचा अधिकार येत नाही. १९८६च्या कायद्यातील कैदेची तरतूद २०२३च्या जन विश्वास कायद्याने काढून टाकली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे काय, हे या सभेत सांगायला नको. पुण्याचे पीठही सदस्यांअभावी काही काळ ठप्प होते. या गोष्टी बदलण्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहण्याची गरज नाही. लोकांनी नेटाने मागणी केली पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता एवढेच सांगेन: अडते ते पुराव्यापाशी, वकिलापाशी आणि अंमलबजावणीपाशी. तुझ्या गावाचे अडते, त्याच जागी चिंगोलाचे अडले, इक्वेडोरचेही अडले. नमुना घेण्याची विहित रीत गावातल्या पोरांना शिकव, तारीखवार नोंदवही ठेव, आणि नमुना रात्री घ्यायला या, असे अधिकाऱ्यांना लेखी कळव. तेवढे काम तुमच्या हातचे आहे. त्या नोंदवहीला उद्या पुण्यात आणि परवा आणखी दूर किंमत यावी, यासाठी झगडणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे. ते आपण अंगावर घेऊया, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.