आवाज आणि नोंद

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर करून)



गणपतीच्या मांडवात सरकारी नोकर माईकसमोर उभा राहिला की लोकांना वाटतं, आता हा योजनांची माहिती देणार. आज तसं काही नाही. कार्यकर्त्यांनी मला ‘तुझ्या छंदावर बोल’ असं सांगितलंय आणि माझा छंद आहे जॅझ ऐकण्याचा. बेळगुंदीत राहून जॅझ ऐकणं म्हणजे भाताच्या खाचरात सफरचंद लावल्यासारखं आहे, असं आमच्या घरी म्हणतात. पण त्या छंदानं मला जो एक विचार लावला, तो आपल्या गावाच्या कामाचा आहे. म्हणून बोलायला तयार झालो.

आधी जॅझ म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदराचं शहर आहे, तिथं काळ्या लोकांच्या वस्त्यांत हे संगीत साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी तयार झालं. चाल ठरलेली असते, पण वाजवणारा ती जागच्या जागी आपल्या वळणानं नेतो. आपल्याकडं बुवा अभंगाची एकच ओळ धरून पाच तऱ्हांनी घोळवतात, पखवाज त्यांना उत्तर देतो आणि समेवर सगळे एकत्र येतात. जीव तोच, वाद्यं वेगळी.

आणि हे फार लांबचंही नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावानं ट्रम्पेट वाजवायचे, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, त्यांना आपल्या वाद्यवृंदात घेतलं. १९५१ च्या ‘अलबेला’च्या गाण्यांवर आपल्या आजोबांच्या पिढीनं ठेका धरला, तेव्हा तिला ठाऊक नव्हतं, पण ती जॅझवरच डोलत होती. तबकडीवर नाव गायकाचं आणि संगीतकाराचं. ट्रम्पेट कुणाचा, व्हायोलिन कुणाचं, वाद्यमेळ कुणी बसवला, हे बहुतेक वेळा कुठंच नाही. गोव्याच्या कितीतरी वादकांचं काम आपल्या कानात आहे आणि नाव कुठंच नाही.

इथून माझ्या विषयाला सुरुवात होते.

मी पदविका करून नोकरीला लागलेला माणूस. आमच्या खात्यात मोजमाप पुस्तक असतं, सगळे त्याला एमबी म्हणतात. रस्ता किती लांब, खडी किती, मोजणी कुठल्या तारखेला, सही कुणाची, हे सगळं त्यात. काम कितीही उत्तम झालेलं असो, एमबीत नोंद नाही तर बिल नाही. नोकरीत लागलेली ही सवय मी गाण्याला लावून बघितली. तेव्हा लक्षात आलं की जतन करायच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक आवाज आणि दुसरी नोंद.

आवाज नसला तर काय होतं ते बघा. जॅझचा पहिला मोठा वादक म्हणून बडी बोल्डन याचं नाव घेतात. जन्म १८७७ चा. त्याचा कॉर्नेट लांबपर्यंत ऐकू यायचा म्हणे. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि १९३१ मध्ये तो तिथंच वारला. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ मध्ये. बोल्डनचं वाजवणं आज कुठंच ऐकायला मिळत नाही. उरला त्याच्या बँडचा एक फोटो आणि लोकांच्या आठवणी.

आपल्याकडं असंच. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग साहेब आले आणि गौहर जान भोंग्यात तोंड घालून गाणं म्हणाल्या. म्हणजे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, तोवर वीस वर्षं यंत्र देशात होतं. तरी बुवांचं गाणं आपल्याला ऐकायला मिळत नाही. ‘स्वयंवर’ नाटकाच्या त्यांनी दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांतून कानावर पडतात, तेवढंच. शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात असलेले अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते. त्यांचीही तबकडी नाही. पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या, यांच्या तबकड्या आहेत. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, तेव्हा सोबत पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. त्यात केसरबाईंची भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेटही आहे. दोघं एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेरच्या वाटेवर आहेत. यानं निघालं त्याच महिन्यांत, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. गुरूचा आवाज पृथ्वीवरही नाही आणि शिष्येचा ताऱ्यांच्या वाटेवर. फरक फक्त साडेतीन मिनिटांच्या मुद्रणाचा.

आता उलटी बाजू. आवाज नाही, चित्र नाही, पण नोंद आहे. यासाठी मैदानावर जाऊया.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुण्याचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम ४५२ नाबादचा, म्हणजे दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात विश्रांती झाली आणि काठेवाडच्या संघानं सामनाच सोडून दिला. विक्रमाच्या पुस्तकात आपल्या संघाचं नाव अशा तऱ्हेनं यायला नको, हे कारण. नोंदीची ताकद याहून वेगळी काय सांगू? समोरचा संघ गोलंदाजीला नव्हे, वहीला घाबरला. निंबाळकरांना पुढं अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. त्या खेळीतला एक फटका आज कुणाला दाखवता येणार नाही. पण ४४३ हा आकडा पुसला जात नाही.

जॅझच्या नादानं मी अमेरिकेच्या बेसबॉलबद्दलही वाचायला लागलो, कारण जॅझची माणसं बेसबॉलवेडी. त्या खेळाचा धावफलक मांडायची पद्धत रुजवली हेन्री चॅडविक यांनी. हे मूळचे इंग्लंडचे, क्रिकेटच्या बातम्या लिहिणारे. क्रिकेटची वही त्यांनी बेसबॉलला दिली. पण तिथं काळ्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धेत घेत नव्हते, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या होत्या. त्यांच्यातला जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला, आणि तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनला मोठ्या स्पर्धेचं दार उघडलं. गिब्सनची कीर्ती दंतकथेसारखी तोंडी फिरत राहिली. मग काही चिकट माणसांनी गावोगावच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसल्या. एकेका सामन्याचा धावफलक शोधून बेरजा केल्या. मे २०२४ मध्ये त्या मुख्य स्पर्धेनं ते आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले आणि शंभर वर्षं पहिल्या जागी असलेला टाय कॉब खाली आला. हजारात ३७२ या सरासरीनं गिब्सन पहिला. मेल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी मिळालेला न्याय. तो कुणी भाषण करून मिळवून दिला नाही. कुठल्यातरी गावच्या बातमीदारानं त्या संध्याकाळी दोन ओळी छापल्या होत्या, म्हणून तो मिळाला.

तिसरा प्रकार आपल्या घरातला. आवाज आहे, नोंद नाही. आपल्यापैकी किती घरांत माळ्यावर कॅसेटचा डबा आहे? त्यावर लिहिलेलं असतं ‘भजन’, नाहीतर ‘गणपती २’. कोण गातंय, कुठल्या साली, पखवाजावर कोण, काही नाही. ओळखणारं माणूस घरात आहे तोवर ती कॅसेट बोलते. ते माणूस गेलं की नुसता आवाज राहतो.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? आपली विद्या गुरुमुखातून चालत आली. अल्लादियाखाँची तबकडी नसून घराणं चाललंच ना? बरोबर आहे, आणि तबकडीत तोटाही आहे. तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवायचा म्हणजे तासभर चालणाऱ्या बैठकीचा मासलाच मिळणार. तबकडी ऐकून ‘बुवा एवढंच गात’ असं समजणं चूक आहे. पण दुसरी बाजू ऐका. आपल्या गदगचे भीमसेन जोशी लहानपणी दुकानात लागलेली अब्दुल करीमखाँची तबकडी ऐकून वेडे झाले आणि गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. तिकडं चार्ली पार्कर नावाचा पोरगा १९३७ च्या उन्हाळ्यात लेस्टर यंगच्या तबकड्या घेऊन डोंगरात नोकरीला गेला. त्या पाठ करूनच परतला आणि पुढं त्यानं जॅझचा रस्ता बदलला. पार्करचा एक भक्त होता, डीन बेनेडेट्टी. तो १९४७-४८ मध्ये यंत्र घेऊन क्लबात जायचा आणि फक्त पार्करची पाळी आली की यंत्र सुरू करायचा, दुसरा वाजवायला लागला की बंद. आज ते मुद्रण अनमोल आहे. पण ज्यांच्या पाळीला त्यानं बटण बंद केलं, त्यांचं त्या रात्रीचं वाजवणं गेलं ते गेलंच. यातून मी एक गोष्ट शिकलो. यंत्र लावलं की मुख्य बुवांपुरतं लावू नये. टाळकरी, झीलकरी, मधे कुणी मारलेली कोपरखळी, सगळं येऊ द्यावं.

आता आपल्या गावाचं बोलतो. पश्चिम भागातल्या या गावांत रात्र-रात्र भजनं झाली, सोंगी भजनं झाली. आपल्या बोलीत मराठीच्या मांडीला मांडी लावून कानडी बसलेली आहे, ती पुस्तकात मिळत नाही, या गाण्यांत आणि गप्पांत मिळते. गौरीच्या रात्री बायका झिम्मा-फुगडीची जी गाणी म्हणतात ती निम्मी आता पुढच्या पिढीला येत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांसाठी पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी काम उभं केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि प्रत्येकीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. ज्या बाईचं नाव सात-बाऱ्यावरही नव्हतं, तिचं नाव ओवीखाली आलं. आवाज आणि नोंद दोन्ही असलं की काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही.

आणि कुस्ती! यात्रेच्या मैदानात पैलवान किती झाले. कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, हे कट्ट्यावर ऐकायला मिळतं, प्रत्येक सांगणाऱ्याचं वेगळं. चॅडविकसारखी एक वही कुणी धरली असती तर भांडणं थोडी कमी झाली असती, मजाही थोडी कमी झाली असती, पण पैलवानाचं नाव राहिलं असतं.

म्हणून मंडळासमोर चार साध्या गोष्टी ठेवतो. खर्च फार नाही.

पहिली, कॅसेटी. आपल्या पावसात टेपला बुरशी धरते. माळ्यावरच्या कॅसेटी उतरवा, कोरड्या जागी ठेवा आणि दिवाळीपर्यंत संगणकावर घ्या. घेताना वेव्ह फाइल करा, ती मोठी असते पण आवाज कापत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं म्हणजे जपलेलं नव्हे, तिथं आवाज आवळला जातो. तीन प्रती करा, एक मंडळात, एक त्या घरात, एक गावाबाहेर.

दुसरी, नोंदवही. कॅसेटला नंबर आणि वहीत पाच रकाने. कोण, काय, कुठं, कधी, साथीला कोण. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजानं भरू नका. एमबीत आम्ही तेच करतो.

तिसरी, नवीन मुद्रण. गौहर जान गाणं संपताना आपलं नाव सांगायच्या. तबकड्या जर्मनीत निघायच्या, तिथल्या कारागिराला कळावं म्हणून. आपणही तसंच करूया. मोबाइलवर मुद्रण सुरू केलं की पहिल्यांदा गाणाऱ्यानं नाव, गाव, तारीख म्हणायची. फाइलचं नाव पुसलं तरी आवाजातलं नाव पुसत नाही. आणि मुद्रणाआधी त्या माणसाला विचारायचं. नको म्हणाले तर नको.

चौथी, पोरांसाठी. गावच्या क्रिकेट स्पर्धेचा आणि कुस्तीच्या मैदानाचा निकाल एका पक्क्या वहीत लिहा, पूर्ण नावांनिशी. ‘पप्पू’ आणि ‘बंड्या’ पन्नास वर्षांनी कुणाला कळणार नाहीत.

हे काम मोठ्या संस्थेनं करावं असं वाटत असेल तर एवढंच सांगतो, २००८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टुडिओला आग लागली आणि जगातल्या बड्या कंपनीच्या मूळ टेप जळाल्या. मोठ्या कपाटातही आग लागते. लहान-लहान कपाटं जास्त असली तर काहीतरी शिल्लक राहतं.

यंदा घट बसायच्या आत पहिल्या दहा कॅसेटी उतरवून द्यायची जबाबदारी मी घेतो. यंत्र माझ्याकडं आहे. वही मंडळानं द्यावी, आणि आवाज ओळखायला इथं पुढच्या रांगेत बसलेल्या आजोबांनी आणि मावश्यांनी रविवारी दोन तास द्यावेत. चहा माझ्याकडून.



गणपती बाप्पा मोरया!