‘छोटा’ गंधर्वांचा मोठेपणा



मुलाचा गोड आवाज ही निसर्गानें दिलेली उसनवारी आहे. चौदापंधराव्या वर्षीं तो ती परत मागतो. अलिबागेकडील शाळांतून मीं बरींच वर्षें प्रार्थना म्हणवून घेतली. सातवींत जो मुलगा पहिला सूर धरी, तोच नववींत मागल्या रांगेंत ओठ मिटून उभा राही. अशा मुलाचें पुढें काय व्हावें? ह्या प्रश्नाचें एक उत्तर छोटा गंधर्व ह्यांच्या चरित्रांत सांपडतें.

त्यांचें नांव सौदागर नागनाथ गोरे. सातारा जिल्ह्यांतील भाडळें येथें १९१८ सालीं त्यांचा जन्म झाला. १९२८ सालीं, अवघ्या दहाव्या वर्षीं, ते दामुअण्णा जोशी ह्यांच्या ‘बालमोहन’ नाटक मंडळींत दाखल झाले. मंडळी मुलांची; स्त्रीभूमिकाही मुलगेच करीत. १९३३ सालीं ह्याच मंडळीनें आचार्य अत्रे ह्यांचें ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणलें. सौदागरांच्या स्त्रीभूमिका आणि पदें गाजलीं, व ‘छोटा गंधर्व’ हें नांव कायमचें चिकटलें.

नाटक मंडळी म्हणजे मुलाचें दुसरें घरच. अन्न, वस्त्र, तालीम, सारें एका छपराखालीं. परंतु मिसरूड फुटल्यावर नायिकेचें लुगडें किती दिवस शोभणार? शिवाय १९३२ सालीं मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळूं लागले. अनेक मंडळ्या मोडल्या, आणि त्यांतले कित्येक बालनट कोठें गेले, हें कोणीं विचारलें नाहीं.

गोरे मात्र टिकले. १९४३ सालीं ‘बालमोहन’ सोडून त्यांनीं सोबत्यांसह ‘कलाविकास’ ही संस्था काढली. पुढें ‘सौभद्रां’तील कृष्ण व ‘मानापमानां’तील धैर्यधर ह्या पुरुषभूमिकांत त्यांनीं नवें यश मिळविलें. १९६० सालच्या विद्याधर गोखले ह्यांच्या ‘सुवर्णतुला’ नाटकाच्या चालीही त्यांच्याच. ‘गुणरंग’ ह्या नांवानें त्यांनीं बंदिशी रचल्या. १९९७ सालीं ते निवर्तले.

ह्याचें मर्म काय? गेलेल्या आवाजाबद्दल ते हळहळत बसले नाहींत. आलेल्या आवाजाला त्यांनीं विद्येची जोड दिली. गळा बदलला, तरी स्वरज्ञान, लयीची जाण आणि रागाचा अभ्यास हीं बदलत नाहींत.

आज दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून लहान मुलांवर टाळ्यांचा वर्षाव होतो. पालकांनीं त्याचा आनंद अवश्य मानावा. पण टाळ्या थांबतील त्या दिवशीं मुलाच्या हातीं तंबोरा असावा, एवढी काळजी आजच घ्यावी.