मालक कोण, हे आधी विचारा

(झाडांची छाटणी, बागांची साफसफाई आणि पालापाचोळा व कचरा उचलणे ही कामे करणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय हस्तपत्रकात 'कामावरील सुरक्षितता' असा छापला आहे. या नावाची भाषणे आपण पुष्कळ ऐकली असतील. कोणी अधिकारी येतो, हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, पायांत गमबूट घाला असे सांगतो. चहा होतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण उघड्या हातांनीच कचरा उपसावयास लागतो. हातमोजे घालू नका असे सांगावयास मी आलेलो नाही. परंतु ते विकत कोणी घ्यावयाचे, फाटले तर दुसरे कोणी द्यावयाचे आणि न दिले तर जाब कोणाला विचारावयाचा, याचा निकाल लागल्यावाचून तो उपदेश म्हणजे उपाशी माणसास सावकाश चावून खा असे सांगण्यापैकी आहे.

बागेचे काम बाहेरून पाहणाऱ्यास सौम्य वाटते. गटारात उतरणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात आहे हे आता निदान न्यायालयांना तरी पटले आहे. पण झाडाखाली पाने गोळा करणाऱ्यास कसले भय, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. त्यांनी पावसाळ्यापूर्वी एखाद्या जुन्या आवाराची सफाई करून पाहावी. वर्षभर साचलेल्या पाचोळ्याखाली काय आहे हे हात घालीपर्यंत कळत नाही. त्यात फुटकी काच असते, फुटलेल्या ट्यूबलाइटचे तुकडे असतात, औषधाच्या सुया असतात, विंचू असतो, प्रसंगी सापही असतो. ओला पाला कोरड्याहून कितीतरी जड. तोच बोचक्यात दाबून डोक्यावर घ्यावयाचा आणि टेंपोत फेकावयाचा. कुजलेल्या ढिगाला फावडे लावताच जी धूळ उडते तिच्यात बुरशी असते, आणि ती छातीत बसली म्हणजे दम्यासारखा खोकला जडतो. गाजरगवताची हकीकत आपणांपैकी अनेकांच्या हातांवर व पापण्यांवरच लिहिलेली आहे. हे गवत आपल्या देशात प्रथम पुण्यात १९५५ साली नोंदले गेले. ते उपटणाऱ्यांची कातडी जाड होऊन फुटते, खाज थांबत नाही, आणि लोक त्याला गरमी झाली म्हणतात. पावसात साचलेल्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचा ताप येतो. अशा पाण्यातून गेल्यावर दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्या घ्या, असे मुंबईचे आरोग्य खाते दर पावसाळ्यात सांगत असते. पण रोजंदारीचा माणूस अर्धा दिवस बुडवून दवाखान्यात जाणार कसा, हे ते खाते सांगत नाही.

आता मी आपणांस माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावे सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक बाई माझ्या कचेरीत आल्या. त्यांचे यजमान एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गुलमोहर छाटण्यास चढले होते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. फांदी दिसावयास जाड, पण भार पडताच काडकन मोडते. कमरेला पट्टा नव्हता, काथ्याची दोरी होती, आणि ती ज्या फांदीला बांधली होती तीच मोडली. खुब्याचे हाड गेले. बाई म्हणाल्या, "साहेब, पैशाचं मागाहून बघू. इस्पितळाच्या कागदावर मालकाचं नाव विचारलंय. तिथं काय लिहू, तेवढं सांगा."

मी संस्थेच्या चिटणीसांना पत्र लिहिले. उत्तर आले की, आम्ही काम माळीकामाच्या ठेकेदारास दिले होते, सदर इसमास आम्ही ओळखत नाही. ठेकेदार म्हणाला, माणसे मुकादमाने आणली. मुकादमाने माझ्यासमोर हात जोडले. तो बिचारा स्वतः त्याच झाडाखाली फांद्या ओढीत होता. चाळीस वर्षांचा माणूस दिवसाढवळ्या भर आवारात झाडावरून पडला, आणि कागदोपत्री तो तेथे नव्हताच! शेवटी पुरावा मिळाला तो असा की, संस्थेच्या एका सभासदाने त्या सकाळी मोबाइलवर छायाचित्र काढून 'बागेचे काम सुरू' अशा मजकुरासह सर्व सभासदांना पाठविले होते. त्यात आमचा अशील झाडावर उभा होता.

छायाचित्राने तो तेथे होता एवढे सिद्ध झाले; मालक कोण, हे सिद्ध झाले नाही. येथे कायद्याची एक बारीक गोष्ट समजून घ्यावी लागेल. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात १२ वे कलम होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. ते असे की, ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तर ज्याने ठेका दिला त्यालाही भरपाईसाठी धरता येते. मात्र ते काम त्याच्या धंद्याचा नेहमीचा भाग असले पाहिजे. कारखानदार या जाळ्यात सापडतो. गृहनिर्माण संस्था म्हणते, बाग राखणे हा आमचा धंदा नव्हे. नैमित्तिक कामगारास वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढले गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण ठेकेदाराचा पत्ताच लागत नसेल तर दुरुस्ती काय करणार? आमच्या प्रकरणात अखेर तडजोड झाली. रक्कम सांगण्यासारखी नाही. तो गृहस्थ आज काठी घेऊन चालतो.

व्यावसायिक सुरक्षिततेची नवी संहिताही त्याच दिवशी अमलात आली. तीत नेमणूकपत्राची तरतूद आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु सामान्यतः १० किंवा अधिक कामगार असतील तरच ती आस्थापना ठरते, आणि कंत्राटी कामगारांचे प्रकरण तर ५० पासून पुढे लागू होते. झाड छाटणारी टोळी चौघांची असते. मुंबईत कचऱ्याच्या ठेक्यांचे पूर्वी हेच झाले. १९७० च्या कायद्याची मर्यादा २० ची होती, म्हणून माणसांचे तुकडे २० च्या आत पाडले गेले. कामगारांना कागदावर 'स्वयंसेवक' आणि वेतनाला 'मानधन' म्हटले गेले. शब्द पाहा! पूर्वी गावकीत राबवून घेताना त्याला 'वतन' म्हणत, आणि त्या मानाच्या नावाखालची वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांना १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणावे लागले. राबवून घ्यावयाचे, पण मालकपण पत्करावयाचे नाही, ही युक्ती तेव्हाही नवी नव्हती.

ती युक्ती मोडता येते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबईच्या २,७०० कामगारांचा प्रश्न लढविला, २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने ते महापालिकेचेच कामगार होत असा निवाडा दिला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ती लढाई मालक कोण, या एका प्रश्नावर होती. तो सुटला म्हणजे हातमोजे, रेनकोट, रजा, दवाखाना ही हक्क म्हणून मागता येतात. कामगाराचे आरोग्य हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रकरणात १९९५ सालीच म्हटले आहे. हक्क आहे, पण तो बजावावयास समोर नाव असलेला इसम लागतो.

आता जे सांगावयाचे ते मला जड जाते. हे प्रकरण चालू असताना मी स्वतः राहतो त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. आमच्या संस्थेत निम्म्याहून अधिक घरे आपल्याच लोकांची आहेत. दर १४ एप्रिलला आवारात जयंती होते. एके दिवशी खजिनदारांनी सहीसाठी पुढे केलेल्या व्हाउचरवर एवढेच लिहिले होते: 'बाग साफ करणे व कचरा उचलणे, रुपये साडेतीन हजार.' किती माणसे आली, कोण आली, झाडावर कोणी चढले काय, यांपैकी काही नाही. मी सही केली. घरी आल्यावर त्या बाईंचा प्रश्न आठवला. आपल्या राज्यात फांदी तोडण्यापूर्वी १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याखाली पालिकेची परवानगी घ्यावी लागते, आणि तो कागद आम्ही फाइलीत नीट लावला होता. झाडाच्या फांदीची नोंद होती. ती तोडणाऱ्या माणसाची नव्हती.

म्हणून या सभेत जे सदनिकांत राहतात, त्यांनाही मी बोलत आहे. ठेका देताना कामगार भरपाईच्या विम्याचा कागद मागा. थोड्या दिवसांच्या कामासाठीही तो विमा मिळतो. माणसांची नावे व मजुरी लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्या. पट्टा व शिरस्त्राण यांवाचून कोणास झाडावर चढू देऊ नका. खर्च वाढेल. आमच्या संस्थेत तो वाढला आणि दोन सभासदांनी सर्वसाधारण सभेत कुरकुर केली.

आणि आपण, जे ही कामे करता, त्यांनी चढण्यापूर्वी मुकादमाला विचारा: काम कोणाचे, ठेका कोणाचा, पत्ता काय. त्याला राग येईल. तरी आवाराच्या पाटीचे व टेंपोच्या क्रमांकाचे छायाचित्र रोज काढून घरी पाठवा. सुई टोचली तर जखम धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि काम करताना टोचली असे कागदावर लिहून घ्या. धनुर्वाताची सुई तेथे मिळते. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस सहा महिन्यांत तीन वेळा घ्यावयाची असते. ती एकदा घेऊन सोडून देऊ नका. अपघात झाला तर लेखी सूचना द्या. तोंडी सांगितलेले न्यायालयात टिकत नाही.

हजेरीच्या वहीचा आणि अपघाताच्या सूचनेचा नमुना मी छापून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सभेनंतर थांबावे; आम्ही तिघे वकील आहोत, रात्री नऊपर्यंत बसू.