आदर्श शाळेची कसोटी



आदर्श शाळा म्हटली की टुमदार इमारत, फुलबाग आणि रंगविलेल्या भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ही साधने इष्टच आहेत. परंतु शाळेची खरी कसोटी हजेरीपटावरील गैरहजर मुलाजवळ लागते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, डहाणू तालुक्यात याचे उदाहरण घडले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नसत. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड सांभाळी. त्यांनी मुलांना दोष न देता शाळेचेच रूप पालटले. पाळणाघर व बालवाडी प्राथमिक शाळेला जोडून विकासवाडी केली. गुराख्यांसाठी रानातच कुरणशाळा भरविली.

पेठ, सुरगाणा तालुक्यांतून आजही कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षमळ्यांकडे जातात. त्यांच्या मुलांपुढे गैरहजेरीची खूण केली की शिक्षकाचे कर्तव्य संपले काय? मूल कोणत्या गावी गेले, त्याच्यापाशी शिक्षण हमी पत्रक आहे काय, तेथील शिक्षकास निरोप पोहोचला काय, परतल्यावर सुटलेला पाठ कोण भरून देईल, हे ज्या शाळेत विचारले जाते, ती दोनशिक्षकी असली तरी आदर्शाच्या वाटेवर आहे. गळके छप्पर दुरुस्त करणे हे प्रशासनाचे काम. हरवलेले मूल शोधणे हे शिक्षकाचे.