पान्हा आणि पाणी

आत येताना एका आजींनी मला दारातच गाठले. नातसून बाळंतीण, बाळ दोन महिन्यांचे आणि बाहेर आपला हैदराबादचा मे महिना. "डॉक्टर म्हणतात, पाणी पाजू नका. अहो, आपल्याला दिवसाला चार तांबे लागतात, त्या लेकराचा घसा वाळत नसेल का?" प्रश्न इतका रास्त आहे की भाषणाची ठरवून आणलेली सुरुवात बाजूला ठेवतो आणि आजींपासूनच सुरू करतो.

आईच्या दुधाच्या शंभर भागांत साधारण ८८ भाग पाणीच असते. दिल्लीत डॉ. सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐन उन्हाळ्यात अंगावर पिणारी बाळे तपासली; तो अभ्यास १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निव्वळ दुधावरच्या बाळांना वरचे पाणी लागत नाही, असेच त्यातून दिसले. उलट वाटीभर पाण्याने पोट भरले की तेवढे दूध कमी प्यायले जाते. शिवाय त्या वाटीतून आणखी काय काय पोटात जाईल, ते कोण सांगणार? तेव्हा सहा महिने, उष्टावण होईपर्यंत, पाणी नाही. पण आजी, तुमचा प्रश्न इथे संपत नाही. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता चिकाकडे वळू. गाय व्याली की चीक मिळावा म्हणून आपण गवळ्याकडे वशिला लावतो आणि वेलदोडा घालून खरवस करतो. घरातली लेक बाळंत झाली की मात्र तिचा चीक पिवळा आहे, घट्ट आहे, बाधेल, असे म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट चाटवायचे! ही रीत अजून पुरती गेलेली नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा असतो.

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिने जवळजवळ नसतातच. चीक पोटात गेला की ती आतड्यातून थेट रक्तात उतरतात. माणसाच्या बाळाला त्यांतला एक प्रकार वारेतून आधीच मिळालेला असतो. चिकातून मिळतो तो दुसरा, 'आयजीए' नावाचा. तो रक्तात जात नाही, आतड्याच्या अस्तरावर पहारा करतो. हा पहारेकरी तयार कसा होतो, ते मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. आईच्या आतड्यात एखादा जंतू शिरला की तिथल्या पेशी त्याला ओळखतात. मग त्या प्रवास करत स्तनात येतात आणि नेमक्या त्याच जंतूवरचे प्रथिन दुधात सोडतात. म्हणजे इथल्या, विद्यानगरच्या आईच्या दुधात विद्यानगरच्या नळाच्या, धुळीच्या आणि शेजाऱ्यांच्या जंतूंवरचा उतारा असतो. डब्यातल्या पावडरीला हा पत्ता कुठून ठाऊक असणार?

या दुधात दोनशेहून अधिक प्रकारच्या अशा शर्करा आहेत, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळासाठी नसतातच मुळी. बाळाच्या आतड्यात वसणाऱ्या उपकारक जीवाणूंचा तो शिधा असतो.

हे सगळे पहिल्या तासात सुरू व्हावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभराच्या आत अंगावर घेतलेली मुले देशभरात ४१.८ टक्केच निघाली. त्याच पाहणीत आपल्या तेलंगणात ६०.७ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली दिसतात. पण फक्त कमरेखालचा भाग बधिर केला असेल तर आई जागीच असते. बहुतेक वेळा बाळाला तिच्या छातीशी द्यायला हरकत नसते. खोळंबा होतो तो आपल्या धांदलीचा.

बाळाचे झाले; आता आईच्या ताटाकडे वळू. विद्यानगर स्टेशनातून सिकंदराबादकडे निघाले की पुढचे स्टेशन जामिया उस्मानिया. तिथून जवळच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपण फाटकावरून जातो, आत काय चालते ते विचारत नाही. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत तिचे काम सुरू झाले ते बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी. १९५८ साली संस्था इथे आली तेव्हा तिचे संचालक होते डॉ. वि. ना. पटवर्धन, आडनावावरून तुम्ही ओळखलेच असेल. त्याच साली याच संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांचा गरीब स्त्रियांच्या दुधावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्धपोटी राहणाऱ्या बायकांनाही रोज ४०० ते ६०० मिलिलिटर दूध येत होते आणि त्यातली प्रथिने चांगले खाणाऱ्या बायकांच्या दुधाइतकीच होती.

मग आईने काही खाल्ले नाही तरी चालते की, असे कुणी म्हणेल. मेख इथेच आहे. ताटात नसेल तर शरीर ते आईच्या अंगातून काढते: चरबीतून, स्नायूंतून, हाडांतल्या कॅल्शियममधूनसुद्धा. बाळ बाळसे धरते, आई खंगते, आणि घरात म्हणतात, बाळंतपणानंतर असेच व्हायचे! जीवनसत्त्वांची गोष्ट वेगळी. ती आईच्या ताटात नसली तर दुधातही कमी होतात. नुसत्या पांढऱ्या सडीक तांदळावर दिवस काढणाऱ्या आईच्या दुधात 'बी-१' इतके कमी पडे की अंगावर पिणाऱ्या बाळालाच बेरीबेरी व्हायचा. त्याचा आवाज बसायचा, रडणे ऐकूच येत नसे, आणि हृदय थकून ते दगावायचे.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जादा हव्यात, असे हीच संस्था सांगते. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि एक डिंकाचा लाडू, नेहमीच्या जेवणाच्या वर. लाडू आपण करतो, नाही असे नाही. पण ते डब्यात राहतात, आल्यागेल्याच्या बशीत जातात, आणि बाळंतीण जेवायला बसते ती सगळ्यांची पाने उठल्यावर.

दूध हे एकटीचे काम नव्हे, हे आपल्याला पूर्वी ठाऊक होते. संभाजीराजांना पाजायला कापूरहोळची धाराऊ गाडे आली, तिचे नाव इतिहासाने जपले. आजच्या धाराऊ निनावी आहेत. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातली पहिली दुग्धपेढी काढली. आता आपल्या निलोफर रुग्णालयातही तशी पेढी आहे. दिलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना थेंबाथेंबाने देतात.

तर आजी, तुमचे पाणी. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, नाहीतर पोट सुटते, असे अजून पुष्कळ घरांत सांगतात. ते सोडून द्या. तुमची नातसून पाजायला बसली की जवळ तांब्या भरून ठेवा आणि तिची तहान भागेपर्यंत तिला पिऊ द्या.