नदीचा रंग
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



आज एका चित्राविषयी आपणांशी चार शब्द बोलावेत, अशी इच्छा आहे. जपानचे मुद्राचित्रकार हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) यांनी १९२५ साली लाकडी ठशांनी छापलेले हे चित्र अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनचे आहे. त्या रुक्ष, वाळवंटी प्रदेशात कोलोरॅडो नदीने सुमारे ४४६ किलोमीटर लांबीची व काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल दरी कोरली आहे.

ठसा करणारा नको असलेले लाकूड कोरून काढतो. उरलेल्या उंचवट्यावर रंग लावून त्यावर कागद दाबतो. अशा अनेक ठशांनी एकेक रंग चढत जातो आणि खडकांचे थर कागदावर उभे राहतात. नदीचे खननकार्यही असेच नव्हे काय? वाळू आणि गोटे ही तिची हत्यारे. तीही काढून टाकते. जे उरते, त्याला आपण कडे म्हणतो.

याच योशिदांनी १९२६ साली शिडाच्या नौकांचे एक दृश्य त्याच ठशांवर निरनिराळे रंग लावून सकाळ, धुके, सायंकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या वेळांचे करून दाखविले. पाण्याचा रंग एकच नसतो, हे त्यांनी जाणले होते.

मी मात्र जाणले नव्हते. नोकरीच्या आरंभी, माझ्या वर्गातील एका मुलाने नदी तांबडी रंगविली. नकाशातील नदी निळी, म्हणून मी तीवर फुली मारली. त्या मुलाने पुढे वर्षभर चित्राची वही उघडली नाही. पावसाळ्यात शाळेपुढचा ओढा तांबडाच वाहत होता. तो त्याने पाहिला होता, मी पाहिला नव्हता.

‘कोलोरॅडो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबूस! पूर्वी ती नदी गाळाने तशीच वाहत असे. १९६३ साली वरच्या अंगास ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडू लागले, गाळ तेथेच बसू लागला आणि खालचे पाणी बहुधा हिरवट, निवळ दिसू लागले.

म्हणून विनंती एवढीच, की पहिल्या पावसानंतर वर्ग ओढ्यावर न्यावा. पाण्याने काठ कोठे कोरला, गाळ कोठे टाकला, हे मुलांना पाहू द्यावे. परत आल्यावर बटाट्याचे ठसे कोरून तेच दृश्य छापवून घ्यावे. आणि कोणा मुलाची नदी निळी नसेल, तर फुली मारण्यापूर्वी त्याला विचारावे, “बाळ, तू ही कोठे पाहिलीस?”