अमेरिकेतील धर्मजागृती आणि गुलामगिरीचा प्रश्न



महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. काळ्या गुलामांना दास्यातून सोडविण्याचे काम त्यांनी केले म्हणून. ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हे सज्जन कोण होते आणि या कामाकडे ते कोणत्या वाटेने आले, एवढाच आज आमचा विषय आहे.

त्यांपैकी बरेचसे आले ते राजकारणातून नव्हे, प्रवचनातून. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत अमेरिकेत भक्तीची एक मोठी लाट उसळली. इतिहासकार तिला दुसरी महाजागृती म्हणतात. १८०१ साली केंटकीतील केन रिज येथे हजारो माणसे रानात मुक्काम करून दिवसेंदिवस प्रवचने ऐकत राहिली. कोणी रडली, कोणी मूर्च्छित पडली. नामसप्ताहात देहभान विसरलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे फारसे नवल वाटू नये. याच लाटेतून १८१० साली निघालेल्या मिशनरी मंडळाची माणसे १८१३ मध्ये मुंबईस उतरली. पुढे त्याच मंडळाच्या मिस फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढावीशी वाटली. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

त्या रडण्याहून महत्त्वाचे होते त्यामागील मत. कोण तरणार आणि कोण बुडणार हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, अशी जुनी कॅल्विनपंथी शिकवण. नवे प्रवचनकार म्हणू लागले, मनुष्याला निवड करता येते. चार्ल्स फिनी हा त्यांच्यातला अग्रणी. वकिली सोडून तो धर्मोपदेशक झाला होता, आणि श्रोत्यांशी बोले तो ज्यूरीपुढे उभ्या असलेल्या वकिलासारखाच. १८३० च्या सप्टेंबरात तो न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे गेला. एरी कालवा झाल्यापासून पिठाच्या गिरण्यांनी गजबजलेले हे शहर. तेथे त्याने सहा महिने प्रवचने केली. पुढच्या बाजूस एक बाक राखून ठेवलेला असे. ज्याच्या मनाची चलबिचल होई, त्याने सर्वांदेखत उठून त्या बाकावर येऊन बसावयाचे. 'उद्या पाहू' याला तेथे जागा नव्हती. पाप सोडावयाचे ते आत्ता, या घटकेला.

हे सूत्र दारूला लावणे सोपे होते, आणि ते लावले गेलेही. पण तेच गुलामगिरीला लावले की काय होते पाहा. तोवर बहुतेक भले लोकही म्हणत, की ही प्रथा वाईट खरी, पण ती हळूहळू जाईल. किंवा मुक्त काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवावे. गुलाम बाळगणे हे पाप ठरल्यावर या 'हळूहळू'चे काय करावयाचे? चोराला कोणी हळूहळू चोरी सोड असे सांगत नाही.

फिनीचा शिष्य थिओडोर वेल्ड याने हा प्रश्न १८३४ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या लेन धर्मविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे मांडला. समोर ओहायो नदी, नदीपलीकडे केंटकी, म्हणजे गुलामांचा मुलूख. अठरा रात्री वाद चालला. वक्त्यांत जेम्स ब्रॅडली नावाचा एक विद्यार्थी होता. लहानपणी त्याला आफ्रिकेतून पळवून आणले होते. धन्याचे काम आटोपल्यावर रात्री मक्याच्या पाल्याच्या घोड्यांच्या गळपट्ट्या विणून, विकून, त्याने स्वतःलाच विकत घेतले होते. काळ्यांना स्वातंत्र्य पेलणार नाही म्हणणाऱ्यांना याहून काय उत्तर द्यावे? विश्वस्तांनी मात्र असल्या चर्चांवर बंदी घातली. तेव्हा बहुतेक विद्यार्थी बाहेर पडले, आणि त्यांच्यापैकी अनेक जण ओबर्लिन येथे गेले. १८३५ साली त्या संस्थेने काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरविले; १८३७ पासून पदवीच्या अभ्यासक्रमात मुलीही आल्या.

येथे आम्हांस फिनीविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. गुलामांच्या मालकांना त्याने आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन नाकारले, हे धैर्याचेच. पण चर्चमध्ये गोऱ्यांनी व काळ्यांनी मिसळून बसावे, हे त्याला मान्य नव्हते. आणि गुलाममुक्तीची चळवळ धर्मजागृतीची पुरवणी म्हणून चालावी असे तो वेल्डला सांगू लागला. बाकावर बसविणे त्याला साधले. शेजारी बसविणे साधले नाही. दक्षिणेत तर याच लाटेत न्हालेले धर्मोपदेशक बायबलातूनच गुलामगिरीला आधार काढून देत होते. १८४४ साली मेथडिस्ट पंथ या प्रश्नावर दुभंगला. निमित्त झाले जॉर्जियाच्या एका बिशपचे, ज्याच्या घरी गुलाम होते. पुढल्याच वर्षी बाप्टिस्टही फुटले. डोळ्यांतले अश्रू दोन्हीकडे सारखेच खरे होते, हे विसरून चालणार नाही.

वेल्ड फिनीच्या सांगण्यावर थांबला नाही. १४ मे १८३८ रोजी त्याने अँजेलिना ग्रिम्के हिच्याशी विवाह केला. ती दक्षिण कॅरोलायनातल्या गुलामांच्या मालकाची मुलगी. दोनच दिवसांनी, फिलाडेल्फियात गुलाममुक्तिवाद्यांनी नव्याने बांधलेल्या पेनसिल्व्हेनिया हॉलमध्ये ती भाषणास उभी राहिली. स्त्रीने जाहीर सभेत बोलणे हाच तेव्हा अनाचार. बाहेरचा जमाव खिडक्यांवर दगड मारीत होता. काचा फुटत होत्या. ती तासाहून अधिक वेळ बोलत राहिली. दुसऱ्या रात्री जमावाने ती इमारत जाळली. बंबवाले आले, आणि त्यांनी पाणी मारले ते शेजारच्या घरांवर.

त्यानंतर वेल्ड, अँजेलिना आणि तिची बहीण सारा यांनी दक्षिणेतली हजारो वर्तमानपत्रे गोळा करून कात्रणे काढण्यास बसावयाचे ठरविले. पळालेल्या गुलामांच्या शोधासाठी मालकांनीच दिलेल्या जाहिराती त्यांत होत्या: पाठीवर वळ आहेत, कान कापलेला आहे, गालावर डागाची खूण आहे. हे पुस्तक १८३९ साली निघाले. पुढे 'अंकल टॉम्स केबिन' लिहिताना हॅरिएट स्टोव्ह हिने त्याचा आधार घेतला, आणि ती होती त्याच लेन विद्यालयाच्या अध्यक्षांची मुलगी. कात्रणांच्या पुस्तकावर वेल्डने आपले नाव घातले नव्हते.